डीसीटी गाडी रेस देताना अडखळते? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे तपासा

‘पिकअप नाही.’ ऑटोमॅटिक गाडी गॅरेजला आली की जॉब कार्डावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. एवढ्यावरून मेकॅनिकला काही समजत नाही, आणि समजलं नाही की बोट सगळ्यात महागड्या भागाकडे जातं. डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीत तो भाग म्हणजे क्लच पॅक (दोन्ही क्लचचा जोड) नाहीतर मेकॅट्रॉनिक (गिअर आणि क्लच हलवणारा कंप्युटरसकटचा भाग), आणि बिल लाखाच्या घरात. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. एवढा खर्च करूनही गाडी होती तशीच राहिलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसली आहेत, आणि तेव्हा त्यांना काय सांगावं ते सुचत नाही. म्हणून ज्यांनी नुकतीच डीसीटी गाडी घेतली आहे, नवी असो की सेकंडहँड, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. यातलं बरंचसं स्कॅनरशिवाय, स्वतःचं स्वतः करता येण्यासारखं आहे.

गेल्या पावसाळ्यात कोरेगावकडचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. म्हणाले, “दादा, स्पीडब्रेकर उतरला की गाडी विचार करत बसते. मागचा हॉर्न वाजवतो, तेवढ्यात ही एकदम उसळते.” दुसरीकडे त्यांना क्लच पॅक बदलायला सांगितला होता आणि त्यांनी ठेव मोडायची तयारी केली होती. त्यांच्या गाडीत काय निघालं ते पुढे येईलच. आधी तपासायची रीत समजून घेऊ.

उशीर कोण करतंय?

डीसीटीत क्लच दोन असतात. एकावर १, ३, ५ आणि असला तर ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि बहुतेक गाड्यांत रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्या गिअरात चालत असता तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो. गावच्या यात्रेत पालखीचा खांदा बदलतात तसंच हे. नवा माणूस दांडीखाली खांदा लावतो, मग जुना बाजूला होतो, आणि पालखी कुठे थांबत नाही. फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा सर्वसामान्य ग्राहकांच्या गाडीत आणली. आज फोक्सवॅगन-स्कोडावाले तिला डीएसजी म्हणतात, टाटा डीसीए म्हणतात, ह्युंदाई-किया डीसीटी म्हणतात.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे याची खात्री आधी करा. नेक्सॉन एएमटीमध्येही मिळते आणि डीसीएमध्येही. एएमटी म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचंच ऑटोमॅटिक रूप, तिच्यात क्लच एकच असतो, त्यामुळे गिअर बदलताना मध्ये खंड पडणं हा तिचा स्वभावच आहे. एएमटीवाल्यांनी हा लेख वाचून घाबरू नये.

दुसरी माहिती काढा ती क्लच कोरडा की ओला याची. पोलो जीटी टीएसआयची सात गिअरची डीएसजी, क्रेटा-व्हेन्यूची डीसीटी यांत क्लच कोरडे. अल्ट्रोझच्या डीसीएत ते तेलात बुडालेले. कोरडा क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्ये लवकर तापतो. ओल्याला तेल सांभाळावं लागतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

तुम्ही पॅडल दाबलं की निरोप इंजिनच्या कंप्युटरला जातो. तिथून थ्रॉटल उघडतो, हवा, पेट्रोल आणि ठिणगी जुळते, टर्बो इंजिनात दाबाची हवा फुंकायला लागतो, ती ताकद क्लचकडे येते आणि क्लच ती चाकाला देतो. या रांगेत कुणीही उशीर केला तरी सीटवर बसलेल्या माणसाला सगळं सारखंच लागतं. वेगळं दाखवते ती फक्त आरपीएमची सुई. रेस दिली, सुई जागची हलली नाही आणि गाडीही हलली नाही, तर उशीर इंजिनाचा, नाहीतर इंजिनाला कुणीतरी अडवून धरलंय. सुई वर पळाली आणि गाडी मागे राहिली, तर क्लच धरत नाही. सुई आधी थबकली, मग गिअरचा आकडा खाली आला आणि मग गाडी गेली, तर गिअरबॉक्सला गिअर ठरवायला वेळ लागला. हा लेख याच तीन ओळींवर उभा आहे.

जो उशीर दोष नसतो

ऐंशीच्या आसपास सहाव्यात आरामात चालला आहात आणि ओव्हरटेकसाठी एकदम पॅडल दाबलं. गिअरबॉक्सला चौथा हवा, पण चौथा आणि सहावा एकाच क्लचवर बसतात. थेट उडी घेता येत नाही, मधल्या पाचव्याचा आधार घ्यावा लागतो किंवा थोडा वेळ काढावा लागतो. स्पीडब्रेकरपाशीही असंच होतं. तुम्ही वेग कमी केला, गिअरबॉक्स तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन पहिल्याची तयारी करतोय, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही पाय दाबला. अर्ध्या-पाऊण सेकंदाचा हा गोंधळ नव्या गाडीतही असतो. त्यात छोटं टर्बो इंजिन असेल तर १५०० आरपीएमच्या खाली टर्बो जागा झालेला नसतो, तो उशीर वेगळा.

यावर उपाय पायात आहे. ब्रेकवरून पाय काढा, गाडीला रांगू द्या, मग पॅडल हळूहळू दाबत न्या. ओव्हरटेकच्या आधी स्पोर्ट मोड घ्या किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरने दोन गिअर आधीच खाली या. एवढ्यानं तक्रार मिटली तर गाडी ठणठणीत आहे.

चढावर थांबून निघताना नवी माणसं आणखी एका गोष्टीला फसतात. हिल होल्ड ब्रेक साधारण दोनच सेकंद धरून ठेवतो. तेवढ्यात रेस दिली नाही तर गाडी मागे सरकते आणि माणूस म्हणतो, क्लच गेला. क्लचला काही झालेलं नसतं.

दोष ओळखायचा तो बदलावरून. तीन महिन्यांपूर्वी ही गाडी अशी नव्हती, आता आहे, असं तुमचं मन सांगत असेल तर पुढे वाचा.

बिनपैशाच्या गोष्टी आधी

ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट उचला. कंपनीच्या मॅटवर सेवन-डी मॅट, त्यावर पावसाळ्यात रबरी मॅट, असे तीन थर मी पाहिले आहेत. पॅडल पूर्ण खाली जातच नव्हतं. गाडी इको मोडमध्ये अडकलेली नाही ना ते पाहा. चारही टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

मग ब्रेक चिकटतोय का ते बघा. आपल्याकडच्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी आठ दिवस उभी राहिली की मागच्या ड्रममधले शू धरून बसतात. दहा-बारा किलोमीटर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवा, सपाटीला थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, नुसती जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम लागलं तर गाडीला तेच मागे ओढत आहे, आणि गिअरबॉक्सला फुकट बोल लागतोय.

शेवटी बॅटरी. चार-पाच वर्षांची झाली असेल आणि सकाळी स्टार्टर जड फिरत असेल तर आधी तिची टेस्ट करून घ्या. गिअरबॉक्सचा पंप किंवा मोटर, त्याचा कंप्युटर, सगळं त्याच बारा व्होल्टवर चालतं. व्होल्टेज पडलं की हे सगळं काहीही वागायला लागतं.

ट्रायल: इथे वेळ द्या

पहाटे सहाच्या सुमारास, रस्ता मोकळा असताना निघा. मी क्षेत्र माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावकडे जातो. उसाच्या हंगामात मात्र तो रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला असतो, तेव्हा दुसरा सपाट रस्ता शोधा. शेजारी एक माणूस हवाच. त्यानं मोबाइलवर मीटरचं शूटिंग करायचं, आरपीएम, वेग आणि गिअरचा आकडा तिन्ही दिसतील असं. तुम्ही फक्त रस्ता बघायचा. वेगमर्यादा ओलांडायची काहीच गरज नाही, सगळी तपासणी साठच्या आत होते.

आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून गरम होऊ द्या. मग मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर लावा, वेग तीसवर आणा आणि पॅडल पाऊण दाबा. तळाशी टक्क वाजेपर्यंत दाबू नका. तिथे किकडाउनचा स्विच असतो आणि काही गाड्या मॅन्युअलमध्येही गिअर खाली आणतात. साठपर्यंत जा, पाय काढा. हे तीनदा करा. मग हेच चौथ्यात, चाळीसपासून.

गिअर एकच ठेवल्यामुळे ‘गिअर ठरवायला उशीर’ ही शक्यता बाद झाली. आता गाडी छान गेली आणि ड्राइव्ह मोडमध्येच अडखळत असेल, तर प्रश्न गिअर बदलण्याचा आहे. गिअर बदलत नसतानाही अडखळत असेल, तर इंजिन किंवा क्लच.

या दोघांतला फरक शाळेतल्या त्रैराशिकानं निघतो. घरी येऊन चहा घेत व्हिडिओ थांबवत-थांबवत बघा. एका गिअरात वेग आणि आरपीएम एकमेकांना बांधलेले असतात. तिसऱ्यात ४० ला २००० आरपीएम असेल तर ६० ला ३००० च असायला हवेत, कारण मधे दातेरी चाकं आहेत, त्यांना घसरता येत नाही. आकडे तुमच्या गाडीचे वेगळे असतील, प्रमाण मात्र पक्कं. ६० ला ३४०० दिसले तर वरचे ४०० आरपीएम क्लचमध्ये घसरून गेले. एका कागदावर तीन-चार जोड्या लिहा. गाडीबद्दलच्या मतांपेक्षा हा कागद मला जास्त बोलका वाटतो.

तिसऱ्यात प्रमाण बिघडतं आणि चौथ्यात बरोबर येतं? मग विषम गिअरांचा क्लच. चौथ्यात आणि रिव्हर्स घेताना त्रास, तिसऱ्यात नाही? मग सम गिअरांचा. दोन्हींत प्रमाण शंभर टक्के जुळतं आणि तरी गाडी मरगळलेली? मग क्लच सुटला कचाट्यातून. इंजिनाकडे वळा.

ड्राइव्हमध्ये सपाटीवर थांबून निघायची ट्रायल पण घ्या. ब्रेक सोडल्यावर रेस न देता गाडी एक-दीड सेकंदात रांगायला लागली पाहिजे. ती रांगताना स्टिअरिंग, सीट थरथरते का बघा. गाडी थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर थरथर, की उलट, हे लिहून ठेवा.

सुई चढतच नसेल तर

आता त्या शिक्षकांची गाडी. त्यांच्या मुलीनं काढलेला व्हिडिओ आम्ही गॅरेजमध्ये चार वेळा पाहिला. स्पीडब्रेकरनंतर सरांचा पाय पॅडलवर गेलेला स्पष्ट ऐकू येत होता, बूट मॅटवर घासल्याचा आवाज. आणि सुई मात्र हजारावर ठाण मांडून. एक सेकंद, दोन सेकंद. मग झटक्यात अडीच हजार. क्लच घसरला असता तर सुई आधी पळाली असती. म्हणजे इंजिनाला रेस मिळतच नव्हती. तिसऱ्या गिअरातल्या ट्रायलमध्ये, जिथे आधी ब्रेक लावलेला नव्हता, गाडी अगदी गुळगुळीत गेली होती.

त्रास फक्त ब्रेकनंतर होतोय हे लक्षात आल्यावर मी त्यांना गाडी भिंतीला पाठ करून लावायला सांगितली. संध्याकाळ झाली होती. “सर, ब्रेक दाबा. आता सोडा.” भिंतीवरचा लाल उजेड गेला नाही. मी मनात एक, दोन मोजले, तेव्हा कुठे विझला. ब्रेक पॅडलच्या वर असतो तो ब्रेक लाइटचा स्विच चिकटत होता. पाय उचलला तरी गाडीच्या हिशेबी ब्रेक दाबलेलाच होता. ब्रेक आणि रेस दोन्ही एकत्र आले की बहुतेक नव्या गाड्या सुरक्षिततेसाठी रेस तोडतात, आणि डीसीटी क्लच उघडा ठेवते. म्हणून गाडी विचार करत बसायची. काही शे रुपयांचा स्विच बदलला. सर म्हणाले, “मी ठेव मोडणार होतो ओ.” पुढे काही बोलले नाहीत.

त्यामुळे भिंतीची तपासणी सगळ्यांनी करा. एक मिनिट लागतं.

ब्रेक लाइट बरोबर असेल तर हवा, ठिणगी, पेट्रोल या क्रमानं जा. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. खाणीच्या, मातीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसच्या तारखेची वाट बघत नाही. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होस हातानं चाचपा, इंजिन थंड असताना. क्लॅम्प सैल, होसला चीर, त्याच्याभोवती ताजा तेलकट ओलावा, यांपैकी काही दिसलं तर दाबाची हवा तिथून निसटते आहे. त्याची खूण म्हणजे रेस दिल्यावर हिस्स असा आवाज येतो आणि गाडी दोन हजारानंतर फुलत नाही.

ठिणगी कमजोर असेल तर जोर लागल्यावर गाडी ‘मिसिंग’ करते. हे झटके बारीक आणि लागोपाठ असतात, क्लचच्या थरथरीपेक्षा टोचरे. प्लग किती किलोमीटर चाललेत ते सर्व्हिस बुकात बघा. एका सिलिंडरवर संशय असेल तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहतात. दोष कॉइलबरोबर सरकला तर गुन्हेगार सापडला. मिसिंग असताना इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खराब होतो.

पेट्रोलचं म्हणाल तर पावसाळ्यात जपा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला वेगळं होतं. टाकी भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर ती तारीख आणि पावती जपून ठेवा. डिझेल डीसीटीवाल्यांनी डिझेल फिल्टर आणि, बीएस-६ गाडी असेल तर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किती भरलाय ते पाहावं. राजवाडा ते गोडोली एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ साफ होत नाही. आठवड्यातून एकदा हायवेला वीस मिनिटं सलग चालवणं तिला औषधासारखं आहे.

स्कॅनर लावायचा तर

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा असते. साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलमधलं ॲप एवढ्यावर इंजिनाचे कोड वाचता येतात. पी०३०० ते पी०३०४ मिसफायरचे, म्हणजे मिसिंगचे, पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी२१३८ म्हणजे ॲक्सिलरेटर पॅडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही. कोडचे फोटो काढा. पुसू नका! कोड आला त्या क्षणी वेग काय होता, तापमान काय होतं, हे त्याच्यासोबत साठवलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं.

कोड नसला तरी चालू आकडे पाहण्यासारखे असतात. इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू करा आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतला दाब वाचा. आपला सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे तो ९३ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. त्याहून उंच कास पठारावर साधारण ८८. समुद्रकाठचा १०१ चा आकडा कुठेतरी वाचून आपला सेन्सर खराब आहे असं समजू नका, ती उंचीची करामत आहे. उलट साताऱ्यातच ७० किंवा ११० दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी लागेल. टर्बो पेट्रोल गाडीत तिसऱ्या गिअरात जोर लावल्यावर हा आकडा दीडशेच्या वर जातो. शंभराच्या आसपासच घुटमळत असेल तर टर्बो काम करत नाही किंवा होस फुटलाय. इग्निशन चालू ठेवून पॅडल हळूहळू तळापर्यंत नेताना पॅडलचा टक्का सरळ चढत गेला पाहिजे. मधेच उडी मारली तर पॅडलचा सेन्सर.

गिअरबॉक्सचं आतलं मात्र साध्या डोंगलला दिसत नाही. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर लागतो, किंवा फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन यांसारखी साधनं. त्यात क्लचचं तापमान, क्लच कुठे धरायला लागतो तो बिंदू, दाब, हे सगळं कळतं.

सुई पळते, गाडी राहते

त्रैराशिक चुकलं असेल तरी लगेच क्लच पॅक सांगू नका. आधी विचारा, ‘क्लच ॲडॅप्टेशन केलं का?’ क्लच जसा झिजतो तसा त्याचा धरायचा बिंदू सरकतो. कंप्युटर तो स्वतः शिकत असतो, पण कधी मागे पडतो. स्कॅनर लावून, गिअरबॉक्स ठरलेल्या तापमानाला असताना, तो बिंदू पुन्हा शिकवता येतो. वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यासोबतच गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर जुनं आहे का तेही बघायला सांगा. निघताना घुटमळण्याचा त्रास कंपन्यांनी अनेकदा सॉफ्टवेअरनंच कमी केलेला आहे.

ओल्या क्लचला तेलाचा इतिहास विचारा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावे लागतात. दुसऱ्या गाड्यांचं त्यांच्या पुस्तकात बघा. सेकंडहँड गाडी घेताना हे बिल मागाच. मिळालं नाही तर तेल बदललेलं नाही असं धरून चला.

ॲडॅप्टेशन नवं, सॉफ्टवेअर नवं, तेल नवं, आणि तरी ठरावीक क्लचवर प्रमाण बिघडतंच आहे, जळकट वास येतोय. आता क्लच पॅकबद्दल बोलायला हरकत नाही. जोर नसतानाही गिअर मधेच सुटतो, रिव्हर्स पडत नाही, गिअरचा आकडा लुकलुकतो, असं असेल तर मेकॅट्रॉनिक किंवा ॲक्च्युएटर (क्लच-गिअर प्रत्यक्ष हलवणारा भाग). तो निर्णय स्कॅनरच्या कागदाशिवाय मान्य करू नका.

गॅरेजला काय सांगायचं

जॉब कार्डावर स्वतः उभं राहून लिहून घ्या. असं काहीतरी: ‘वीस मिनिटं चालल्यावर, चढावर, ड्राइव्हमध्ये पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर. तिसऱ्यात ४० ला २०००, ६० ला ३४०० आरपीएम. चौथ्यात ठीक. थंड गाडीत त्रास नाही.’ एवढं लिहिलं की समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुम्हाला कुणी गुंडाळू शकत नाही. व्हिडिओ दाखवा. गाडी सोडताना मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल द्या, त्याच रस्त्यावर. दुरुस्तीआधीच्या कोडची प्रिंट आणि बदललेले जुने भाग परत मागा. वॉरंटीत असाल तर प्रत्येक फेरीचं जॉब कार्ड फाइलला लावा, कारण वॉरंटी संपल्यावर ‘त्रास आधीपासून होता’ हे तोच कागद सिद्ध करतो.

तोवर गाडी कशी चालवायची

कासच्या हंगामात रविवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. डीसीटीचे क्लच झिजतात ते इथे. पुढची गाडी पाच फूट सरकली की आपणही पाच फूट सरकायचं, मधे रेसवर गाडी धरून ठेवायची, ही सवय मोडा. रेसवर धरलेली गाडी म्हणजे अखंड हाफ क्लच. ब्रेक पूर्ण दाबून थांबा, ऑटो होल्ड असेल तर लावा, पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एका दमात निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर येताना रांगेत अडकलात तरी हेच. पसरणी घाटासारख्या लांब चढाला मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा धरून ठेवला तर गिअरबॉक्सची सारखी वर-खाली धावपळ होत नाही.

गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा आणि सूचना जाईपर्यंत थांबा. गाडी बंदच पडली तर ढकलून चालू होत नाही, आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नका. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा.

दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी पुन्हा तीच ट्रायल घ्या. तोच रस्ता, तीच वेळ, गाडीत तेवढीच माणसं, तिसऱ्यात तीस ते साठ, आणि शेजारच्याच्या हातात मोबाइल. सरांनी तशी ती घेतली. मुलीनं दोन्ही व्हिडिओ एकाखाली एक लावून मला पाठवले. दुसऱ्या व्हिडिओत स्पीडब्रेकर उतरताच बूट मॅटवर घासल्याचा आवाज येतो, आणि त्याच्याबरोबरच सुई उचलते.